सभामंडप आणि संगीत नाटक

(श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचे काम श्रींच्या कृपेने पूर्ण झाले. शिखरावर कलश चढला आणि गावाच्या डोक्यावरचे एक मोठे ओझे उतरले. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी ट्रॅक्टर लावला. ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते त्यांनी श्रमदान केले. सभामंडप पूर्वीपेक्षा प्रशस्त झाला आहे आणि त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहिला आहे. उत्सवाच्या रात्री या मंडपात पूर्वीप्रमाणे नाटक व्हावे की नाही?

काही वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की, एवढा खर्च करून पवित्र केलेल्या जागी तोंडाला रंग लावून नाचगाणे कशाला? भजन-कीर्तन पुरे. तरुणांचे म्हणणे निराळे, पण निकाल तोच. ते म्हणतात, आता नाटक बघायला येणार कोण? खिशातल्या मोबाईलवर जगातले सगळे खेळ दिसतात. त्यापेक्षा ऑर्केस्ट्रा आणावा. दोन्ही म्हणणी मनापासूनची आहेत, त्यांचा राग धरण्याचे कारण नाही. पण निर्णय करण्यापूर्वी संगीत नाटक कोठून आले, लोकांच्या करमणुकीत त्याचे स्थान काय होते आणि ते पुढे का ढळले, एवढे समजून घेणे बरे.

पहिली गोष्ट ही की, नाटक देवळाला परके नाही. कीर्तनकार बुवा उभे राहतात तेव्हा एकटा माणूस काय काय करतो पाहा. उत्तररंगात आख्यान लागले की तेच बुवा घटकेत राजा होतात, घटकेत राणी होतात. ओवी, साकी, दिंडी अशी पदे म्हणतात, मध्येच हसवतात आणि शेवटी डोळ्यांतून पाणी काढतात. हे नाटकच आहे. फक्त सगळी पात्रे एकाच अंगरख्यात असतात. उत्सवाच्या शेवटी लळित होत असे, त्यातही सोंगे येत. कोकणात जत्रेच्या रात्री दशावतारी मंडळी आजही देवळासमोर खेळ करतात. आधी गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती येतात, संकासुराची गंमत होते आणि मग आख्यान लागते. लिहिलेले पुस्तक हाती नसते. पायपेटी, पखवाज आणि झांज यांच्या साथीवर नट स्वतःच्या बुद्धीने बोलतात आणि पहाट होते. तेव्हा देवळाच्या अंगणात सोंग आणणे हे नवे पाप नसून जुनी सेवा आहे.

या सेवेचे रंगभूमीत रूपांतर झाले ते सांगलीस. १८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळींचा खेळ तेथे आला होता. तो पाहून संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांना मराठीत असा खेळ रचण्यास सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ झाले. त्याच तिथीला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. त्या खेळात आधी गणपती व सरस्वती येत, सूत्रधार सर्व पदे गात असे, आणि पात्रे प्रसंगानुरूप आयत्या वेळी भाषणे करीत.

पुढे १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि दरबारचा आश्रय सुटला. भाव्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. त्यांनी मंडळी घेतली आणि ते गावोगाव फिरू लागले. मुंबईत १८५३ साली तिकीट लावून खेळ केले. राजाने पोसलेला खेळ त्या दिवसापासून लोकांनी पोसलेला खेळ झाला. लोकरंजन म्हणतात ते यालाच. दोन आणे देणाऱ्याला आवडले तर मंडळी जेवणार, नाही आवडले तर उपाशी राहणार.

याच १८४३ साली बेळगाव भागातील गुर्लहोसूर या गावी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर जन्मले. हेच आपले अण्णासाहेब. नोकरदार मंडळींनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मराठी संगीत नाटकाचा हा जनक कोणी संस्थानिक नव्हता, सावकार नव्हता. काही काळ ते शिक्षक होते आणि पुढे रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. दिवसा कचेरीची दप्तरे आणि रात्री नाटकाची वही, असा त्यांचा संसार होता. पुण्यात पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’ हा गाण्याचा खेळ पाहून त्यांच्या मनाने घेतले की, असे मराठीत का होऊ नये? ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, ऐन दिवाळीत, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगले. कालिदासाचे नाटक मराठी माणसाने मराठी चालींवर ऐकले. भाव्यांच्या खेळात गाणे सूत्रधाराचे होते, अण्णासाहेबांनी ते प्रत्येक पात्राच्या तोंडी दिले. शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाऊ लागली. हा बदल दिसायला लहान, पण त्याने सगळी रंगभूमी बदलली.

दोन वर्षांनी, १८८२ साली, त्यांचे ‘सौभद्र’ आले. त्यात शंभराहून अधिक पदे आहेत. एवढी पदे असून ते लोकांना जड का झाले नाही, याचा विचार करण्यासारखा आहे. एक कारण त्याची गोष्ट. सुभद्रेचे मन अर्जुनावर. थोरले बंधू बलराम यांनी स्थळ ठरविले ते दुर्योधनाचे. धाकटे श्रीकृष्ण वडील भावाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत, पण आतून सूत्रे अशी हलवितात की संन्याशाच्या वेषातला अर्जुन थेट बलरामाच्याच घरी पाहुणा म्हणून उतरतो. नावे देवांची आहेत, पण तापट थोरला, हुशार धाकटा आणि लग्नाची बहीण हे घर कोणत्या गावात नाही? बाया-माणसांना ते आपल्याच वाड्यातले वाटले.

दुसरे कारण चालींचे. अण्णासाहेबांनी साकी, दिंडी कीर्तनातून घेतली, लावणीच्या चाली घेतल्या, बायकांच्या गाण्यांच्या घेतल्या, कर्नाटकी चाली घेतल्या. श्रोता नाटकाला येई तो अर्धे गाणे आधीच पाठ असलेला येई आणि उरलेले अर्धे घरी घेऊन जाई. मोटेवर, जात्यावर, वाटेने ती पदे म्हटली जात. ग्रामोफोन आणि रेडिओ घरोघरी नव्हते त्या काळी गाणे गावात पोचविण्याचे काम नाटक कंपनीने केले. १८८५ साली अण्णासाहेब अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. हातून पूर्ण झालेली मोठी नाटके दोनच, पण त्या पायावर पुढे पन्नास वर्षांची इमारत उभी राहिली.

करमणूक म्हणजे नुसता वेळ घालविणे, असा काहींचा समज असतो. त्यांनी ‘शारदा’ आठवावे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल हे अण्णासाहेबांचे शिष्य. त्यांचे हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने बाप आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू निघतो, हा विषय. तो काळ असा होता की, पुष्कळ प्रेक्षकांच्या स्वतःच्या घरात ही गोष्ट घडलेली असे. व्याख्यान देऊन जे पटत नव्हते ते शारदेच्या पदांनी पटविले. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, तो ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आले, नाटकावरून नव्हे. पण महाराष्ट्रात अनेकांनी त्याचा संबंध शारदेशी जोडला. नाटक लोकांच्या मनात किती खोल गेले होते याची ही खूणच आहे.

त्यानंतरचा काळ गंधर्वांचा. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले. ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांना लोकमान्यांनी दिले असे सांगतात. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. त्यांनी प्रयोग रद्द केला नाही. तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर ते भामिनी होऊन उभे राहिले. बापाच्या मनाचे काय झाले असेल ते ज्याने त्याने आपल्या मनाशी ताडावे. ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकाला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि ख्यालगायकी नाटकात आली. गंधर्व मंडळीत अहमदजान थिरकवाँसाहेब तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला असत. रुक्मिणीच्या विरहाला खाँसाहेबांची सारंगी रडत असे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

कोल्हापूरचे केशवराव भोसले लहानपणी शारदेच्या भूमिकेने गाजले आणि पुढे ‘ललितकलादर्श’चे मालक झाले. ८ जुलै १९२१ रोजी त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले. व्यवसायात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले दोन कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर आले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या काळी वरचे तिकीट शंभर रुपये होते. प्रयोगाचे उत्पन्न फंडाला गेले. देणगीदार सज्जनांनी याची नोंद घ्यावी, कारण शाळा, वाचनालये, मंदिरे यांच्या मदतीसाठी खेळ लावण्याची प्रथा या नाटक मंडळींनी गावोगाव पाळली. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव वारले. गोव्यात मंगेशीच्या देवळाच्या परिसरात वाढलेले मास्टर दीनानाथ यांनी १९१८ साली ‘बलवंत संगीत मंडळी’ उभी केली. देवळाच्या अंगणातला आवाज सगळ्या महाराष्ट्राने ऐकला. त्यांची कन्या लता मंगेशकर यांनी लहानपणी वडिलांच्याच कंपनीच्या ‘सौभद्र’मध्ये नारदाचे काम केले होते.

हे सांगताना तमाशाला विसरून चालणार नाही. पठ्ठे बापूरावांच्या फडानेही गाण्यातून गोष्टच सांगितली. वग हे संगीत नाटकच आहे, फक्त त्याला वाड्यात पाट मांडला गेला नाही. गाडीतळावर, जत्रेच्या माळावर कष्टकरी माणसाने त्याला डोक्यावर घेतले. लावणीच्या चाली किर्लोस्करांना चालल्या, पण लावणी गाणारीला मंडपात जागा नव्हती, हा आपल्या समाजाचा दोष मान्य केला पाहिजे. लेकी एकाच माहेरच्या, पण एकीला पालखी मिळाली आणि दुसरीला पायपीट.

बायकांची कामेही कितीतरी वर्षे पुरुषच करीत. बालगंधर्वांच्या शालू-दागिन्यांची नक्कल खऱ्या बायका करीत, पण त्या बायकांना स्वतःला रंगमंच बंद होता. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे, जयमाला शिलेदार अशा गुणी स्त्रियांनी तो दरवाजा उघडला.

मग एवढे वैभव ओसरले का? दोष सगळा बोलपटावर टाकणे सोपे आहे. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली मराठीत ‘अयोध्येचा राजा’ आला. चार आण्यांत गाणे, गोष्ट आणि देखावे मिळू लागले. नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. पण घरातही कीड लागली होतीच. एकेका पदाला ‘वन्समोअर’ मिळत गेला आणि नट पुन्हा पुन्हा गात राहिला. गोष्ट जागच्या जागी थांबली. शकुंतला सासरी निघायची ती पहाटेपर्यंत आश्रमातच. जाणकार खूश, पण मागे बसलेला शेतकरी घोंगडी पांघरून झोपला. पदे साधी होती तोवर लोकांनी गुणगुणली, ताना अवघड झाल्या तशी ती ऐकण्यापुरती उरली. कंपनीचे बिऱ्हाड मोठे, त्यावर अत्तराचे फवारे, भरजरी पडदे. जमेपेक्षा खर्च जास्त झाला की कोणतेही दप्तर जुळत नाही, मग ते गंधर्वाचे का असेना. बालगंधर्वांच्या डोक्यावर मोठे कर्ज होते आणि नाटकाच्या उत्पन्नातूनच त्यांनी ते फेडले. पण त्या काळजीत उमेदीची वर्षे गेली.

तरी संगीत नाटक मेले नाही. विद्याधर गोखल्यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) नाटकाने लोक पुन्हा नाट्यगृहाकडे वळले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली आले. जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब यांनी ते नाटक घराघरात नेले. त्यात गाणे म्हणजेच गोष्ट आहे, म्हणून ते कोठे थांबत नाही. २०१५ साली त्याचा चित्रपट झाला तेव्हा ज्यांनी कधी नाटक पाहिले नव्हते अशी कॉलेजातली मुले ती पदे म्हणू लागली. तेव्हा तरुणांना हे गाणे आवडत नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्या कानावर ते कोणी घातले नाही, एवढेच.

आणि हे नाटक आज खऱ्या अर्थाने लोकांचे कोठे आहे? गोव्यात देवळांच्या जत्रांतून गावकरी स्वतः नाटक बसवितात. दिवसा बागेत राबणारा रात्री कृष्ण होतो. सिंधुदुर्गात दशावतार आहे. विदर्भाच्या पूर्वेला झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत, दिवाळीनंतर मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्या धंद्याचे मोठे ठिकाण. गावात नाटक ठरले की घरोघर पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात आणि थंडीत रात्रभर माणसे बसून राहतात. मोबाईल त्यांच्याही खिशात आहे. तरी ती माणसे येतात, कारण मोबाईलमधला नट कोणाच्या ओळखीचा नसतो आणि शेजाऱ्याबरोबर हसण्याची सोय त्यात नसते. जेथे नाटकाला जत्रेचा आणि गावाचा आधार राहिला, तेथे ते टिकले, ही गोष्ट या सगळ्यातून ध्यानात घेण्यासारखी आहे.

वडीलधाऱ्यांच्या शंकेलाही उत्तर आहे. बालगंधर्वांनी १९३१ साली ‘कान्होपात्रा’ रंगभूमीवर आणले आणि त्यातले अभंग भजनी मंडळांत गेले. आज एकादशीच्या भजनात ज्या चाली रंगतात त्यांतल्या कितीतरी नाटकातल्या आहेत. देवाने त्या आधीच ऐकल्या आहेत. मंडप जपायचा तर मर्यादा पाळावी. विषय चांगला असावा, गाभाऱ्याचे पावित्र्य राखावे, दारू पिऊन आलेल्यास मंडपाबाहेर काढावे.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगणे आवश्यक आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते, शासनाने ठरविलेल्या थोड्या दिवशीच बारापर्यंत सूट मिळते. म्हणून पदे निवडून तीन तासांचा प्रयोग बसवावा आणि तो वेळेवर सुरू करावा. अण्णासाहेबांनाही ते आवडले असते. ‘सौभद्रा’सारख्या जुन्या नाटकाला लेखकाच्या परवानगीची अडचण नाही, नव्याला ती अगोदर घ्यावी. पेटी आणि पखवाज भजनी मंडळाकडे आहेतच. सुभद्रेचे काम गावातल्या मुलीनेच करावे आणि तिच्या घरच्यांनी पहिल्या रांगेत बसावे. कोणत्या आळीचा मुलगा कोणते सोंग घेतो हे गळा पाहून ठरवावे, आडनाव पाहून नव्हे. आणि माळ्यावरच्या ट्रंकांत जुन्या नाटकांच्या हाताने लिहिलेल्या वह्या कसर खात पडल्या असतील त्या काढून त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. शाहू महाराजांनी बांधलेली ती वास्तू. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राखेकडे पाहून कलावंतच नव्हे, तर रस्त्याने जाणारी माणसेही रडली. ती वास्तू पुन्हा उभी करण्याचे काम हाती घेण्यात आले. दगड-लाकडाचा जीर्णोद्धार पैशाने होतो, हे आपण नुकतेच अनुभवले आहे. परंतु मंदिर बांधले आणि घंटा वाजली नाही, तर त्याला मंदिर कोण म्हणेल? तसाच सभामंडप. त्यात सभा भरली पाहिजे. पुढल्या उत्सवात या मंडपात पडदा लागावा, नांदी व्हावी, आणि मुंबईहून आलेला नातू आजोबांच्या मांडीला मांडी लावून ती ऐकत बसावा, एवढीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ इति शुभम् ॥